एका हॉलमध्ये दोन सबवूफर कशासाठी?

विलंबित लयीतला ख्याल घरी ऐकताना गाण्याइतकेच लक्ष डग्ग्याकडे दिले, तर एक गोष्ट हळूहळू जाणवू लागते. तबलावादक मनगटाचा दाब देत हात पुढे सरकवतो तेव्हा डग्ग्याचा स्वर खालून वर चढत जातो. मैफलीत समोर बसून ऐकताना ही चढण सलग असते. घरच्या हॉलमध्ये मात्र त्या चढणीतला एखादा स्वर अकारण घुमतो, त्याच्या पुढचा दबतो, आणि सोफ्याच्या एका टोकाला बसलेल्या माणसाला भरदार वाटणारा डग्गा दुसऱ्या टोकाला बसलेल्याला पोकळ वाटतो. रेकॉर्डिंग, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दोघांसाठी तेच असतात. हा फरक खोली घडवते, आणि तो कमी करण्याचा आजवर हाती आलेला सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे एकापेक्षा जास्त सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर (बास) वाजवणारे स्पीकर, वापरणे.

हे ऐकून बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया अशी असते की एकाच सबवूफरने शेजारी त्रासतात, तिथे दोन कशाला हवेत. ही शंका स्वाभाविक आहे, कारण सबवूफर म्हणजे दणका हे समीकरण आपल्याकडे पक्के झाले आहे. दुसरा सबवूफर आणायचा तो बास सर्व जागी आणि सर्व स्वरांवर सारखा ऐकू यावा म्हणून. त्याचे कारण समजण्यासाठी बंद खोलीत खालच्या स्वरांचे काय होते, हे आधी पाहावे लागेल.

हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४४ मीटर, म्हणजे सुमारे ११३० फूट जातो. या वेगाला स्वराच्या वारंवारतेने भागले की त्या स्वराची तरंगलांबी मिळते. एक हजार हर्ट्झच्या स्वराची लाट फुटाहून जराशीच मोठी असते. ८० हर्ट्झची १४ फुटांची, ४० हर्ट्झची २८ फुटांची आणि २० हर्ट्झची ५६ फुटांची असते. आता एखाद्या फ्लॅटमधला १६ बाय ११ फुटांचा, साडेनऊ फूट उंचीचा हॉल डोळ्यांसमोर आणा. वरच्या स्वरांच्या लाटा अशा हॉलमध्ये मोकळ्या फिरतात, पण खालच्या स्वरांच्या लाटा खोलीपेक्षाच मोठ्या असल्यामुळे समोरासमोरच्या भिंतींवर आपटून स्वतःच्याच परतणाऱ्या लाटेत मिसळतात. लाटेची अर्धी लांबी दोन भिंतींमधल्या अंतराइतकी भरली, की ती लाट पुढे न सरकता जागच्या जागी डोलू लागते. तिला स्थिर तरंग म्हणतात.

बालोद्यानातला सी-सॉ आठवला, तर हा स्थिर तरंग लगेच समजतो. एका भिंतीपाशी हवेचा दाब वाढतो तेव्हा समोरच्या भिंतीपाशी तो कमी होतो, पुढच्या क्षणी याच्या उलट घडते, आणि बरोबर मध्यावर, जिथे सी-सॉचा टेकू असतो तिथे, दाब जवळजवळ बदलतच नाही. दाबातला बदल म्हणजेच आवाज, त्यामुळे भिंतीपाशी बसलेल्याला तो स्वर फुगलेला ऐकू येतो आणि हॉलच्या मध्यावर बसलेल्याला तो जवळपास ऐकूच येत नाही. आपल्या १६ फुटी लांबीत असा पहिला सी-सॉ ३५ हर्ट्झच्या आसपास डोलतो, ११ फुटी रुंदीत ५१ हर्ट्झच्या आसपास, तर उंचीत ६० च्या जरासा अलीकडे. लांबीत याच्या दुप्पट, म्हणजे ७१ हर्ट्झला, दुसरा स्थिर तरंग उभा राहतो. त्यात दोन्ही टोके एकदम वर जातात आणि मध्य खाली जातो, म्हणजे खोलीत एकाऐवजी दोन टेकू होतात, प्रत्येकी भिंतीपासून चार फुटांवर. रुंदीचा दुसरा तरंग १०३ हर्ट्झला येतो. शिवाय लांबी-रुंदी मिळून तिरके तरंग बनतात ते वेगळेच. दोनशे हर्ट्झच्या वर अशा तरंगांची इतकी गर्दी होते की ते एकमेकांत मिसळून जातात, पण खाली ते विरळ असल्याने प्रत्येक तरंग सुटा आणि ठळक ऐकू येतो.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झचा असतो, तर तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९.३ हर्ट्झवर, मिळवलेली असते. वरच्या हॉलचा लांबीतला दुसरा तरंग याच स्वराला जवळजवळ भिडतो. तानपुऱ्याच्या नादात मूळ स्वरापेक्षा त्याच्या वरच्या उपस्वरांचा वाटा मोठा असल्यामुळे तानपुरा त्यातूनही तग धरतो, पण डग्गा, पखवाज, ४१ हर्ट्झपर्यंत उतरणारे डबल बास आणि बास गिटार, २७.५ हर्ट्झपर्यंत जाणारा पियानो यांचा खालचा भाग या तरंगांच्या तावडीत पूर्ण सापडतो. त्यातच हे तरंग स्वर थांबल्यावरही काही काळ डोलत राहतात, त्यामुळे पुढची थाप मागच्या थापेच्या घुमण्यात बुडते. ‘बास पसरट वाटतो’ अशी जी तक्रार आपण करतो, तिचे मूळ पुष्कळदा इथे असते.

आपल्या घरांच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. सबवूफरविषयीचा बराचसा सल्ला उत्तर अमेरिकेतून येतो. तिथल्या घरांत लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकलेल्या भिंती सर्रास असतात. अशी भिंत खालच्या स्वरांना स्वतः थोडी थरथरते आणि त्या थरथरण्यात बासची काही ऊर्जा खर्च होते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधली वीट-सिमेंटची भिंत, वरखाली आरसीसीचा स्लॅब आणि त्यावर फरशी हे सगळे बासच्या दृष्टीने कठीण आणि निश्चल असल्यामुळे लाट जवळजवळ तशीच परत येते. म्हणून आपल्याकडे फुगवटे आणि खड्डे जास्त तीव्र असतात, असे मानून चाललेले बरे. भिंतीला फोमच्या पट्ट्या किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवून यात फरक पडत नाही; ५० हर्ट्झच्या लाटेचा चौथा हिस्साच साडेपाच फुटांहून जास्त भरतो, तिथे दोन इंचांचा फोम काय करणार?

मग इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक स्वर कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेने, खोली दुरुस्त का करू नये, असा प्रश्न येतो. एकच खुर्ची आणि एकच श्रोता असेल, तर फुगवटे कापण्यासाठी इक्वलायझर उत्तम काम करतो. पण खड्डा भरायला तो असमर्थ असतो, कारण ज्या जागी थेट आलेली आणि परतलेली लाट एकमेकींना खोडतात तिथे आवाज वाढवला की दोन्ही लाटा वाढतात आणि खोडणे चालूच राहते. ॲम्प्लिफायर मात्र दमतो. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. सोफ्याच्या डाव्या टोकाला ५१ हर्ट्झचा फुगवटा असेल आणि मध्यावर त्याच स्वराचा खड्डा असेल, तर एका जागेसाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्या जागी बिघाड ठरते. एका सबवूफरच्या सिग्नलमध्ये कितीही फेरफार केले तरी दोन जागांमधला फरक तसाच राहतो, कारण तो फरक सबवूफरच्या आणि श्रोत्याच्या जागेतून आलेला असतो.

इथे दुसरा सबवूफर उपयोगी पडतो. पुन्हा सी-सॉकडे येऊ. एकच सबवूफर समोरच्या भिंतीपाशी ठेवला, तर तो सी-सॉच्या एका टोकावर बसून त्याला जोरात डोलवतो. तसाच दुसरा मागच्या भिंतीपाशी ठेवला आणि दोघांना एकच सिग्नल दिला, तर दोन्ही टोके एकाच क्षणी खाली दाबली जातात आणि सी-सॉ हलू शकत नाही. लांबीतला ३५ हर्ट्झचा तरंग असा उठण्याआधीच दबतो. दोन्ही सबवूफर आपापल्या भिंतीच्या बरोबर मध्यावर असतील, तर ते रुंदीच्या सी-सॉच्या टेकूवर बसलेले असतात, त्यामुळे ५१ हर्ट्झचा तरंगही त्यांना हलवता येत नाही. लांबीचा दुसरा, ७१ हर्ट्झचा तरंग मात्र या मांडणीत उरतो, कारण त्यात दोन्ही टोके एकाच दिशेने हलतात. आता डाव्या आणि उजव्या भिंतींच्या मध्यावर आणखी दोन सबवूफर ठेवा. हे दोघे लांबीच्या दृष्टीने नेमके मध्यावर आहेत, जिथे दुसऱ्या तरंगात दाबाची दिशा टोकांच्या उलट असते. म्हणून पुढच्या-मागच्या जोडीने उठवलेला ७१ हर्ट्झचा तरंग ही जोडी दाबते आणि रुंदीच्या १०३ हर्ट्झच्या तरंगाचेही तसेच होते. चार भिंतींच्या चार मध्यांवरून चार सबवूफर एकच सिग्नल वाजवत असताना आडव्या पातळीवरचे पहिले चारही प्रमुख तरंग शमतात. मला या विषयातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते, कारण इथे महागडे उपकरण काही करत नाही; जागांची निवडच सारे काम करते.

याचा पद्धतशीर अभ्यास हारमन या ध्वनी उपकरणांच्या कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी केला आणि २००२ मध्ये म्युनिक येथे भरलेल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात ‘किती सबवूफर पुरेसे?’ याच प्रश्नाचे उत्तर मांडले. आयताकृती खोलीची संगणकीय प्रतिकृती करून त्यांनी सबवूफरची संख्या आणि जागा बदलत नेल्या आणि वेगवेगळ्या आसनांवरचा बास एकमेकांपासून किती वेगळा पडतो, हे तपासले. चार भिंतींच्या मध्यावरचे चार सबवूफर सर्वांत सरस ठरले. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरचे दोन त्यांच्या खूप जवळ पोहोचले, आणि चारांच्या पुढे संख्या वाढवून फारसे काही हाती लागत नाही, असेही दिसले. या निष्कर्षाचा घरगुती अर्थ असा, की सर्वांत मोठा लाभ एकावरून दोनावर जाताना होतो.

आपल्या हॉलमध्ये मागच्या भिंतीला सोफा टेकलेला असतो, बाजूच्या भिंतीत बाल्कनीची सरकती काच असते आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारी वाट. अशा वेळी भिंतींच्या मध्याचा आग्रह धरता येत नाही. दोन्ही सबवूफर टीव्हीच्याच भिंतीला ठेवावे लागत असतील, तर ते कोपऱ्यांत ठेवण्याऐवजी रुंदीच्या पाव आणि पाऊण अंतरावर ठेवावेत. ११ फुटी भिंतीत ही जागा दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून पावणेतीन फुटांवर येते. इथे ठेवलेली जोडी रुंदीचा पहिला तरंग एकमेकींच्या विरोधाने दाबते, आणि दुसऱ्या तरंगाच्या टेकूंवर बसलेली असल्याने त्याला हलवत नाही. सोफ्यावरच्या तीन-चार जणांना मिळणारा बास त्यामुळे बराच सारखा होतो. लांबीतले तरंग या मांडणीने शमत नाहीत. त्यांच्यासाठी सोफा भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढण्याचा उपाय करून पाहावा, कारण भिंतीला चिकटून बसणे म्हणजे लांबीतल्या प्रत्येक तरंगाच्या फुगवट्यात बसणे होय.

वरचे सारे गणित चौकोनी आणि बंद खोलीचे आहे. हॉल एल आकाराचा असेल किंवा एका बाजूने जेवणाच्या जागेत उघडत असेल, तर सममितीचा हिशेब कोलमडतो. अशा खोलीसाठी ध्वनितज्ज्ञ अर्ल गेडिस यांनी सुचवलेली पद्धत मला अधिक व्यवहार्य वाटते. तीन किंवा अधिक सबवूफर मुद्दाम असममित जागी विखुरायचे, एक कोपऱ्यात आणि बाकीचे त्याच्यापासून दूर, म्हणजे प्रत्येकाचे फुगवटे आणि खड्डे वेगवेगळ्या स्वरांवर पडतात आणि सरासरीत एकमेकांना भरून काढतात. त्यातला एखादा जमिनीऐवजी उंच ठेवता आला, तर उंचीच्या तरंगालाही थोडा आळा बसतो, कारण जमिनीवरचे सगळे सबवूफर त्या सी-सॉच्या एकाच टोकावर बसलेले असतात.

आता खरेदीचा विचार. दोन सबवूफर एकाच तालात मिळाले, तर आवाज जास्तीत जास्त ६ डेसिबल वाढतो. म्हणजेच पूर्वीइतक्याच आवाजासाठी प्रत्येकाला निव्वळ चौथा हिस्सा शक्ती पुरते, त्याचा पडदा कमी हलतो आणि विकृती घटते. त्यामुळे एकाच बजेटमध्ये एक मोठा घ्यावा की दोन लहान, या प्रश्नावर माझे मत दोन लहानांच्या बाजूने आहे. १२ इंची एका पडद्याचे क्षेत्रफळ आणि ८ इंची दोन पडद्यांचे मिळून क्षेत्रफळ यांत तसा फार फरक नसतो. फक्त ते दोन्ही एकाच मॉडेलचे असावेत. बंद खोक्याचा सबवूफर आणि छिद्र असलेल्या खोक्याचा सबवूफर एकाच सिग्नलला वेगवेगळ्या विलंबाने प्रतिसाद देतात, विशेषतः छिद्राच्या अनुनादाच्या आसपास, आणि मग ज्या स्वरांवर त्यांनी हातात हात घालायचा तिथेच ते एकमेकांना खोडू लागतात. जुना एक घरात असेल आणि त्याचे मॉडेल आता मिळत नसेल, तर निदान खोक्याचा प्रकार तरी तोच निवडावा.

जोडणी अवघड नाही. ॲम्प्लिफायरला सबवूफरसाठी एकच आउटपुट असेल, तर वाय आकाराच्या आरसीए केबलने तो दोन ठिकाणी नेता येतो. असे आउटपुट नसलेल्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरसाठी अनेक सबवूफरना स्पीकरच्या तारांवरून सिग्नल घेण्याची सोय असते. मात्र काही डिजिटल प्रकारच्या ॲम्प्लिफायरमध्ये काळे टर्मिनल जमिनीशी जोडणे धोक्याचे असल्यामुळे माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय ही तार लावू नये. सबवूफर साधारण ८० हर्ट्झच्या वर जाऊ देऊ नयेत, कारण त्याच्या खाली आवाज कुठून येतो हे कानाला सहसा ओळखता येत नाही आणि मागच्या भिंतीजवळचा सबवूफरही समोरच्या स्पीकरांत विरघळून जातो. डावा-उजवा असा वेगळा बास देण्याचे समर्थकही आहेत, पण वर वर्णिलेले तरंग शमवायचे तर सगळ्या सबवूफरना एकच, मोनो (डावा-उजवा भेद नसलेला) सिग्नल लागतो. एलपी तबकडीवर खोल बास बहुधा मोनोच कोरलेला असतो, हेही लक्षात घ्यावे.

एका ठिकाणी मात्र पुष्कळांची फसगत होते. ऑटोमॅटिक कॅलिब्रेशन, म्हणजे खोलीप्रमाणे स्पीकरांची आपोआप जुळणी, करणारी यंत्रणा प्रत्येक सबवूफरचे श्रोत्यापासूनचे अंतर मोजून जवळच्याला वेगळा विलंब देते. पुढे-मागे सममितीने ठेवलेल्या जोडीला असा वेगवेगळा विलंब दिला, की सी-सॉची दोन टोके एकाच क्षणी दाबली जात नाहीत आणि आपण ज्यासाठी खटाटोप केला तेच निसटते. अशा मांडणीत सर्व सबवूफरचा आवाज आणि विलंब आपसांत समान ठेवावा, आणि नंतर त्या पूर्ण गटाचा मेळ मुख्य स्पीकरांशी बसवावा. विखुरलेल्या, असममित मांडणीत मात्र प्रत्येकाचा विलंब स्वतंत्रपणे बदलून पाहण्यात अर्थ असतो, आणि त्यासाठी मल्टी-सब ऑप्टिमायझर नावाचा मोफत प्रोग्रॅम मोजमापांवरून जुळणी काढून देतो.

मोजल्याशिवाय या कामात पुढे जाऊ नये, असे मला ठामपणे वाटते. लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हा मोफत प्रोग्रॅम आणि यूएसबीला जोडता येणारा एक मापनाचा मायक्रोफोन पुरेसा होतो. सोफ्यावरच्या प्रत्येक जागेवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला मायक्रोफोन ठेवून २० ते २०० हर्ट्झचा आलेख घ्यावा आणि सगळे आलेख एकावर एक ठेवून पाहावेत. ते एकमेकांच्या जवळ आले पाहिजेत. सरळ रेषा नंतरची गोष्ट आहे, कारण सर्व जागांवरचा आलेख वेडावाकडा पण एकसारखा झाला की मग इक्वलायझर एकाच फटक्यात सर्वांसाठी तो सरळ करू शकतो. मायक्रोफोन नसेल, तर फोनवरून ३० हर्ट्झपासून पाच-पाच हर्ट्झनी वाढवत शुद्ध स्वर वाजवावेत आणि सोफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत ऐकावे. पहिल्या सबवूफरची जागा शोधण्याची एक जुनी युक्ती आहे. सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा, डग्गा किंवा डबल बास असलेले रेकॉर्डिंग लावायचे आणि जिथे जिथे सबवूफर ठेवणे शक्य आहे तिथे जमिनीलगत कान नेऊन ऐकायचे. ध्वनीचा मार्ग उलटा केला तरी परिणाम तोच राहत असल्याने, जिथे बास स्वच्छ ऐकू येतो ती जागा सबवूफरसाठी चांगली ठरते.

दोन सबवूफर खोलीच्या दोन टोकांच्या सॉकेटवर लावले की कधी कधी सतत गुणगुण ऐकू येते. दोन्हींची आणि ॲम्प्लिफायरची वीज एकाच बोर्डावरून घेतल्यास ती बहुधा थांबते. प्लगची अर्थिंगची पिन काढूनही गुणगुण थांबते, पण तो उपाय जिवावर बेतू शकतो आणि तो कोणीही सुचवला तरी करू नये. बास सुधारल्यावर सरकत्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि शोकेसच्या काचा वाजू लागल्या, तर एक-एक स्वर सावकाश चढवत नेऊन त्या शोधून काढाव्यात आणि रबराच्या पट्टीने घट्ट कराव्यात.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, पण हे मोजमाप ज्या ‘ए’ पट्टीवर होते ती ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलने कमी धरते. त्यामुळे मीटर काहीही दाखवो, स्लॅबमधून उतरणारा बास खालच्या मजल्यावरच्या माणसाला जाणवतोच. सबवूफरखाली जाड रबरी पॅड घातल्याने खोक्याची थरथर फरशीत कमी उतरते, हवेतून जाणारा दाब मात्र त्याने अडत नाही. अनेक सबवूफरचा इथे उपयोग एवढाच, की पूर्वी खड्ड्यात बसलेल्या श्रोत्याला डग्गा ऐकू यावा म्हणून आवाज वाढवावा लागत असे, तो आता वाढवावा लागत नाही. रात्री दहानंतर सबवूफरची पातळी खाली आणण्यासाठी रिमोटवर वेगळे बटण आहे का, हे खरेदीच्या वेळीच पाहून घ्यावे.